सोडियम हळूहळू का वाढवतात? हॉस्पिटलातली मर्यादा आणि नवे अभ्यास

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही तेही तपासता येईल. तुमच्या आईंचं वय ७१, वजन ४५ किलोच्या आसपास. आठवडाभर उलट्या, जेवण जवळपास बंद, नुसता चहा आणि पेज. मग एका सकाळी असंबद्ध बोलायला लागल्या म्हणून दाखल केलं. सोडियम १०९, पोटॅशियम २.८, क्रिएटिनीन व्यवस्थित. दोनेक महिन्यांपूर्वी ब्लडप्रेशरची गोळी बदलली होती आणि नव्या गोळीत क्लोरथॅलिडोन हे लघवी वाढवणारं औषध आहे. चोवीस तासांनी सोडियम ११५ झालं, अठ्ठेचाळीस तासांनी १२१. आई अजून पेंगुळलेल्या आहेत. अमेरिकेतल्या मावसभावानं एका अभ्यासाची बातमी पाठवली आहे, की सोडियम हळू वाढवलेल्या पेशंटमध्ये मृत्यू जास्त होतात. तुम्ही विचारता, डॉक्टरांना वेग वाढवायला सांगू का? आपल्याकडचे डॉक्टर जुन्या पुस्तकावर चालतात का?

मी किडनीचा डॉक्टर आहे. बावीस वर्षं हेच काम करतोय, आणि यातला मोठा भाग डायलिसिसचा नसून दुसऱ्या वॉर्डांतून येणाऱ्या अशाच हाकांचा असतो: "सर, सोडियम एकशेबारा आलंय, जरा बघता का?" तुमच्या आईंना मी तपासलेलं नाही. लघवीच्या तपासण्या, हृदयाची अवस्था, आधीचे आजार यातलं काही माझ्यासमोर नाही. तेव्हा त्यांच्या सलाइनचा वेग मी इथून ठरवू शकत नाही आणि कुणी ठरवून दिला तर ऐकूही नका. पण तुमचा खरा प्रश्न मला वेगळा वाटतो. मोठ्या मासिकात छापून आलेला आकडा एका विशिष्ट माणसाला, या खाटेवर, आज रात्री लागू पडतो का? यावर मला बरंच बोलायचं आहे, कारण हा घोळ नातेवाइकांचाच होतो असं नाही, आमच्या रेसिडेंट डॉक्टरांचाही होतो.

(पुढे सोडियमचा आकडा म्हणेन तो दर लिटरमागे मिलीइक्विव्हॅलंटमध्ये. १३५ ते १४५ हे निरोगी माणसाचं.)

पहिली गोष्ट, रक्तातलं सोडियम कमी म्हणजे अंगातलं मीठ कमी, हे समीकरण डोक्यातून काढा. आमटी अळणी लागली तर मीठ कमी पडलेलं असेल किंवा पाणी जास्त झालेलं असेल. हॉस्पिटलात दाखल झालेल्यांत बहुतेक वेळा दुसरंच असतं: शरीर पाणी बाहेर टाकू शकत नसतं. १९५८ मध्ये एडेलमन आणि सहकाऱ्यांनी हे मोजून दाखवलं. रक्तातलं सोडियम म्हणजे शरीरातलं विनिमय होणारं सोडियम अधिक पोटॅशियम, भागिले शरीरातलं एकूण पाणी. या सूत्रात पोटॅशियम आहे हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

आता मेंदूकडे. सोडियम उतरलं की पाणी पेशींत शिरतं, मेंदू सुजू लागतो आणि कवटीत जागा नसते. हे काही तासांत झालं, जसं ऑपरेशननंतर चुकीचं सलाइन चाललं किंवा लांब पल्ल्याच्या शर्यतीत कुणी नुसतं पाणी पीत राहिलं, तर झटके येतात, श्वास थांबू शकतो. तिथे मिनिटं महत्त्वाची असतात आणि तीन टक्क्यांचं, म्हणजे जास्त मिठाचं सलाइन धडाक्यात द्यावं लागतं. पण सोडियम दोन दिवसांहून जास्त काळ हळूहळू उतरलं असेल तर मेंदू जुळवून घेतो. पेशी आपल्यातले पोटॅशियमसारखे क्षार आणि टॉरिन, मायोइनोसिटॉल यांसारखे लहान रेणू बाहेर टाकतात आणि सूज आवरतात. म्हणूनच १०९ सोडियमची बाई बोलत-चालत ओपीडीत येऊ शकते, ११८ ची दुसरी बेशुद्ध असते.

ही जुळवणीच पुढे धोक्याची ठरते. बाहेर टाकलेले रेणू परत गोळा करायला मेंदूच्या पेशींना कित्येक दिवस लागतात. त्याआधीच रक्तातलं सोडियम झपाट्यानं वर नेलं तर पेशींतून पाणी ओढलं जातं, आणि मज्जातंतूंवरचं मायलिनचं वेष्टण सांभाळणाऱ्या पेशी मरू लागतात. याला ऑस्मोटिक डिमायलिनेशन म्हणतात. क्रूर गोष्ट अशी की पेशंट आधी सुधारतो. घरचे खूश होतात. मग दोन ते सात दिवसांनी बोलणं जड होतं, गिळता येत नाही, हातपाय लुळे पडतात. काही जण यातून बरेचसे सावरतात, काही जण शुद्धीवर असूनही डोळ्यांखेरीज काही हलवू शकत नाहीत.

१९५९ मध्ये अ‍ॅडम्स, व्हिक्टर आणि मॅन्कॉल यांनी हा आजार प्रथम वर्णन केला, तेव्हा तो दारूचं व्यसन आणि कुपोषण असलेल्यांत दिसला होता. सोडियमशी नातं नंतर जोडलं गेलं. १९८६ मध्ये रिचर्ड स्टर्न्स यांनी आठ पेशंट मांडले, ज्यांचं सोडियम दिवसाला १२ पेक्षा जास्त वाढलं होतं आणि नंतर मेंदूला इजा झाली होती. आमच्या पिढीच्या मनातली भीती या निबंधापासूनची. पुढे मर्यादा आणखी खाली आल्या. २०१३ मध्ये अमेरिकी तज्ज्ञांच्या गटानं सांगितलं की धोका जास्त असलेल्यांत दिवसाला ४ ते ६ चं उद्दिष्ट ठेवा आणि ८ ओलांडू नका. २०१४ च्या युरोपीय मार्गदर्शनात पहिल्या दिवशी १० आणि नंतर दिवसाला ८ ही कमाल मर्यादा आहे. तुमच्या आईंचे डॉक्टर ज्यावर चालले आहेत ते हेच, आणि हे आजही रद्द झालेलं नाही.

इथे माझा एक अनुभव सांगतो, कारण पोटॅशियमचा मुद्दा त्यातूनच मला कायमचा कळला. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका हॉस्पिटलात होतो. चाळिशीचा माणूस, दारूचं व्यसन, खाणंपिणं सुटलेलं, सोडियम १०६, पोटॅशियम २.१. सोडियमचं सलाइन मी अगदी मोजून लावलं, वेग चारचारदा तपासला. आणि पोटॅशियम इतकं कमी आहे म्हणून ते वेगळ्या बाटलीतून भरपूर दिलं. त्या बाटलीचा हिशोब सोडियममध्ये धरलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सोडियम १२० होतं. त्याची बायको म्हणाली, "काल ओळखत नव्हते, आज चहा मागितला." पाचव्या दिवशी त्याचा आवाज घोगरा झाला, सहाव्या दिवशी घोट गिळता येईना. तो वाचला, पण काठी कधी सुटली नाही. एडेलमनचं सूत्र मला तोंडपाठ होतं, खाटेशेजारी उभं राहून ते वापरलं मात्र नाही. तेव्हापासून माझ्या वॉर्डात पोटॅशियमची बाटली ही सोडियमची बाटली म्हणूनच मोजली जाते. तुमच्या आईंच्या वजनाच्या बाईंना ८० मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम दिलं, तर केवळ त्यानंच सोडियम तीन ते चारनं वर जाऊ शकतं.

आता मावसभावानं पाठवलेल्या संशोधनाकडे. ते खोटं नाही, फालतूही नाही. गेल्या काही वर्षांत या विषयात बरीच उलथापालथ झाली आहे आणि मी ती मनापासून वाचतो.

२०२३ मध्ये बोस्टनच्या दोन मोठ्या हॉस्पिटलांतली जुनी कागदपत्रं तपासून एक अभ्यास आला. सोडियम १२० च्या खाली असलेले ३,२७४ पेशंट. पहिल्या दिवसात सोडियम ६ पेक्षा कमी वाढलेल्यांत मृत्यू जास्त, १० पेक्षा जास्त वाढलेल्यांत कमी. मेंदूचा तो आजार झालेले सगळे मिळून ७, आणि त्यातल्या पाच जणांत वेग ८ किंवा त्याहून कमीच होता. त्याच वर्षी टोरांटोच्या पाच हॉस्पिटलांतला अभ्यास आला: २२,८५८ दाखल पेशंट, त्यात हा आजार फक्त १२ जणांना, आणि त्यातल्याही सात जणांत वेग मर्यादेतच होता. २०२४ च्या अखेरीस अशा सोळा अभ्यासांची बेरीज करणारा निबंध आला, ११ हजारांहून जास्त पेशंटचा. त्यातही वेगानं वाढलेल्यांत हॉस्पिटलातले मृत्यू हजारामागे ३२ नी कमी दिसले.

हे आकडे वाचून कुणालाही वाटेल की आम्ही चाळीस वर्षं उगाच घाबरत होतो. बातमीत तेच आलं असणार. पण या सगळ्या अभ्यासांत एक गोष्ट समान आहे. कुणाचं सोडियम किती वेगानं वाढवायचं हे संशोधकांनी ठरवलेलं नव्हतं. जे घडलं ते त्यांनी नंतर मोजलं. आणि सोडियमच्या बाबतीत जे घडतं, ते डॉक्टरच्या हातात वाटतं तितकं नसतं.

दोन खाटा डोळ्यांसमोर आणा. पहिल्या खाटेवर तुमच्या आईंसारख्या बाई. लघवीची गोळी आणि उलट्या यांमुळे शरीर पाणी धरून बसलंय. गोळी बंद केली, सलाइननं अंगातला कोरडेपणा भरून आला, उलट्या थांबल्या, की पाणी धरून ठेवणारं हार्मोन खाली येतं आणि किडनी अचानक नळ सोडते. तासाला अडीचशे मिली पाण्यासारखी लघवी. अशा पाच तासांत लिटरभर निव्वळ पाणी बाहेर जाऊ शकतं, आणि अंगात वीस लिटर पाणी असलेल्या बाईंचं सोडियम तेवढ्यात सहानं चढतं. डॉक्टरनं एकही बाटली न वाढवता. दुसऱ्या खाटेवर फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेला माणूस, किंवा लिव्हर निकामी झालेला, किंवा हृदय थकलेला. त्याचं हार्मोन आजारामुळेच चढलेलं असतं आणि उतरत नाही. तिथे कितीही प्रयत्न करा, सोडियम दिवसाला दोन-तीननं रांगतं.

आता सांगा, या दोघांत कोण दगावण्याची शक्यता जास्त? दुसरा. त्याचं सोडियम हळू वाढलं म्हणून तो दगावला का? सोडियम हळू वाढणं आणि दगावणं, दोन्ही एकाच आजाराच्या पोटातून आलेलं आहे. अभ्यासाच्या तक्त्यात मात्र तो "हळू" या रकान्यात जाऊन बसतो आणि पहिल्या बाई "जलद" या रकान्यात. वय, आजार, औषधं यांचा हिशोब वजा करून ही तफावत कमी करायचा प्रयत्न संशोधक करतात, प्रामाणिकपणे करतात. पण किडनीनं नळ सोडला की नाही, हे बहुतेक कागदपत्रांत नोंदलेलंच नसतं, मग वजा कशातून करणार?

याच जातीची आणखी एक गफलत आहे. पहिल्या दहा-बारा तासांत जो पेशंट गेला, त्याचं सोडियम वाढायला वेळच मिळाला नाही. मोजणीत तो कुठे जातो? हळूच्या रकान्यात. वेगाच्या रकान्यात बसायचं तर आधी काही काळ जगावं लागतं. चांगले अभ्यास यावर उपाय करतात, सगळे करत नाहीत, आणि बातमी यातलं काहीच सांगत नाही.

टोरांटोच्या १२ या आकड्याबद्दलही थोडं थांबतो, कारण तोच सगळ्यात जास्त फिरतोय. त्या अभ्यासात सोडियम १३० च्या खाली असलेले सगळे घेतले होते. त्यातल्या बहुतेकांचं १२० च्या वरच होतं. अशा पेशंटना डिमायलिनेशनचा धोका मुळातच जवळपास नसतो. तेव्हा दोन हजारांत एक हा दर १०९ सोडियम आणि २.८ पोटॅशियम असलेल्या बाईंना लावणं म्हणजे सपाट रस्त्यावरच्या अपघातांवरून घाटातल्या वळणाचा अंदाज बांधणं. शिवाय हा आजार एमआरआयवर सुरुवातीला दिसत नाही, कधी कधी तीन-चार आठवड्यांनी दिसतो. पेशंट घरी गेलेला असतो. जे शोधलंच नाही ते मोजणीत येत नाही.

आणि ज्यांना झाला ते कोण होते? बोस्टनच्या सातपैकी सहा जणांत दारूचं व्यसन, कुपोषण, पोटॅशियम किंवा फॉस्फरसची कमतरता यातलं काहीतरी होतं. १९५९ मध्ये पहिल्यांदा वर्णन केलेले पेशंट अशाच अंगकाठीचे होते. मला या नव्या अभ्यासांतून मिळालेला खरा धडा हा आहे: मेंदूची इजा नुसत्या वेगावर ठरत नाही, तो मेंदू कुणाचा आहे यावर ठरते. उपाशी, पोटॅशियम उतरलेल्या शरीराला मर्यादेतला वेगही झेपेलच असं नाही, आणि धडधाकट माणसाचं सोडियम एका दिवसात १२ नं वाढलं तरी बहुधा काही होत नाही.

मग याची खरीखुरी चाचणी का करत नाहीत, चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना जलद, निम्म्यांना हळू? उपचाराच्या पद्धतीवर झाली आहे. कोरियात १७८ पेशंटवर तीन टक्क्यांचं सलाइन थोडं थोडं पण झटपट देणं आणि सतत मंद गतीनं देणं यांची तुलना झाली, २०२१ मध्ये छापून आली. मर्यादेपलीकडे सोडियम जाण्याचं प्रमाण १७ टक्के आणि २४ टक्के, म्हणजे संख्याशास्त्राच्या भाषेत सारखंच. पण त्यातून मेंदूच्या इजेबद्दल निवाडा होणार नव्हता. समजा इजेचं प्रमाण हजारात दोन आहे आणि वेग वाढवला तर ते हजारात चार होतं का, एवढंच पाहायचं आहे. नेहमीच्या संख्याशास्त्रीय निकषांनी प्रत्येक गटात साडेअकरा हजारांहून जास्त पेशंट लागतात. तेही सोडियम १२० च्या खालचे. इतके गोळा करायला किती देशांतली किती हॉस्पिटलं लागतील याचा अंदाज करा.

युरोपात एक मोठी चाचणी झाली आहे, चिठ्ठ्या टाकूनच, सोडियम १३० च्या खालच्या दोन हजारांहून जास्त पेशंटवर. एका गटात कारण शोधून त्याप्रमाणे सोडियम नेटानं दुरुस्त केलं, दुसऱ्या गटात नेहमीसारखं चालू दिलं. पहिल्या गटात साधारण ६० टक्क्यांचं सोडियम नॉर्मल झालं, दुसऱ्यात ४६ टक्क्यांचं. महिनाभरातले मृत्यू किंवा पुन्हा दाखल होणं? दोन्हीकडे जवळपास सारखं. हा निकाल वाचला तेव्हा मला निराशा वाटली, खोटं कशाला बोलू. पण त्यानं दाखवलं ते हेच की सौम्य आणि मध्यम प्रकारात सोडियमचा आकडा बहुतेक वेळा आजार किती खोल आहे ते सांगत असतो. आकडा सुधारला म्हणून आजार हटत नाही.

याचा अर्थ हळू चालणं नेहमी बरोबर, असं मी म्हणत नाही. आमच्या क्षेत्रात भीतीपोटी झालेल्या चुका मी पाहिल्या आहेत. झटके येत असलेल्या पेशंटला तीन टक्क्यांचं सलाइन द्यायला दोन तास लावलेले पाहिले. सोडियम तीन दिवस ११२ वर अडकलेलं आणि फाइलवर रोज "स्लो करेक्शन चालू" असं लिहिलेलं पाहिलं, लघवीची एकही तपासणी नाही. तिथे नव्या अभ्यासांचं म्हणणं माझ्या मते बरोबर आहे: पहिल्या दिवशी ४ ते ६ तरी वाढलंच पाहिजे, आणि वाढत नसेल तर कारण शोधायला हवं. मीही गेल्या काही वर्षांत बदललोय. ज्यांना धोका कमी आहे अशा पेशंटचं सोडियम एखाद्या दिवशी ९ किंवा १० नं वाढलं तर पूर्वीसारखा घाबरून सोडियम पुन्हा खाली आणायचे उपचार सुरू करत नाही. १०९, १०५ अशा आकड्यांवर, पोटॅशियम कमी असताना, लिव्हरचा आजार किंवा दारू असताना मात्र ८ ची रेघ अजूनही पाळतो.

आता तुमच्या आईंचे आकडे परत बघा. १०९, ११५, १२१. दिवसाला ६. बोस्टनच्या ज्या अभ्यासात "हळू" वाईट ठरलं, तिथे हळू म्हणजे ६ च्या खाली. तुमच्या आई त्या गटात येतच नाहीत. त्यांच्यासारख्या जोखमीच्या पेशंटसाठी दिलेल्या ४ ते ६ च्या उद्दिष्टाच्या वरच्या टोकाला त्या दोन्ही दिवस आहेत. क्लोरथॅलिडोन, उलट्या आणि उतरलेलं पोटॅशियम असताना, म्हणजे नळ कधीही सुटू शकेल अशा केसमध्ये, दोन दिवस नेमका हा वेग राखणं सोपं नसतं. त्यासाठी कुणीतरी रात्री दर चार-सहा तासांनी रक्त पाठवलंय आणि लघवी मोजलीय. माझं मत विचाराल तर वेग वाढवायला सांगू नका.

त्याऐवजी राउंडच्या वेळी शांतपणे विचारा की कारण काय ठरलं, गोळीच की आणखी काही? लघवीची ऑस्मोलॅलिटी (ती किती दाट आहे याचं माप) आणि लघवीतलं सोडियम सलाइन लावण्याआधी पाठवलं होतं का? रेफर होऊन येणाऱ्या पेशंटच्या कागदांत मला हे दोन आकडे फार कमी वेळा सापडतात, आणि सलाइन लावल्यावर त्यांचा अर्थ बदलतो. थायरॉइड आणि सकाळचं कॉर्टिसॉल पाहिलंय का? दर तासाला लघवी किती होतेय, आणि ती अचानक वाढली तर काय करायचं ठरलंय? याला उत्तर असतं: पाच टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाइन, आणि गरज पडल्यास डेस्मोप्रेसिन, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या हार्मोनसारखं औषध. ज्या डॉक्टरांकडे या प्रश्नाचं उत्तर तयार आहे, त्यांच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. रक्त सलाइन चालू असलेल्या हातातून काढलेलं नाही ना, आणि तपासणी दर वेळी एकाच मशीनवर होतेय ना, हेही विचारलंत तर चालेल. आयसीयूतलं ब्लड गॅसचं मशीन आणि मुख्य लॅब यांच्यात दोन-चारचा फरक सहज पडतो, आणि आपण त्या फरकालाच सुधारणा किंवा बिघाड समजतो.

पेंगुळलेपणाबद्दल. सोडियम पाच-सहानं वाढलं की सुजेमुळे आलेली गंभीर लक्षणं बहुतेकदा ओसरतात, पण सत्तरीतला मेंदू आकड्याच्या मागून चालतो. दोन-तीन दिवस उशीर मी नेहमी पाहतो. तरीही १२१ वर पोहोचून अजिबात फरक नसेल तर सगळं सोडियमवर ढकलू नये. झोपेचं किंवा उलटीचं औषध चालू आहे का, लघवीत किंवा छातीत जंतुसंसर्ग आहे का, साखर किती, डोक्याचा स्कॅन हवा का, हे पाहावं लागतं. हा प्रश्न तुम्ही जरूर काढा. वेगाच्या प्रश्नापेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

घरच्यांनी करायच्या आणि न करायच्या गोष्टी. खाटेशेजारी बसून मिठाचं पाणी किंवा शहाळं पाजू नका. शहाळ्यात सोडियम थोडं आणि पोटॅशियम भरपूर. डॉक्टरांनी मांडलेल्या हिशोबात ते कुठेच धरलेलं नसतं. "भरपूर पाणी पाजा" हा पाहुण्यांचा सल्ला सध्या बाजूला ठेवा. किती पाणी चालेल ते नर्सला विचारून बाटलीवर खूण करून ठेवा. जेवण सुरू झालं की त्यात डाळ, अंडं, दूध असं प्रथिन येऊ द्या. नुसत्या चहा-पेजेवर किडनीला पाणी बाहेर टाकायला लागणारे क्षार आणि युरियाच मिळत नाहीत, आणि कमी खाणाऱ्या वयस्क बायकांचं सोडियम उतरायचं ते एक मोठं कारण आहे.

घरी गेल्यावर आठ-दहा दिवस त्यांचं बोलणं, गिळणं आणि चालणं यांकडे लक्ष ठेवा. बोलणं जड झालं, पाणी पिताना ठसका लागायला लागला, पाय लटपटायला लागले तर थकवा समजून थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. सोडियम आणि पोटॅशियम आठवड्यानं आणि मग महिन्यानं पुन्हा तपासा.

आणि ती ब्लडप्रेशरची गोळी. डिस्चार्जच्या कागदावर "क्लोरथॅलिडोनमुळे सोडियम कमी झालं, या गटातली औषधं पुन्हा देऊ नयेत" असं स्पष्ट लिहून मागा. घरात उरलेल्या पट्ट्या टाकून द्या. ब्लडप्रेशरच्या कितीतरी जोडगोळ्यांत हे औषध किंवा त्याचं भावंड हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, नाव वेगळं असतं. वर्षभरानं गावातला दुसरा डॉक्टर चांगल्या हेतूनं तेच पुन्हा लिहून देतो आणि बाई पुन्हा ११२ घेऊन येतात; माझ्याकडे अशा तीन जणी दोनदा आल्या आहेत. त्या कागदाचा फोटो आईंच्या आणि तुमच्या, दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. उद्याचा सोडियमचा आकडा आणि दिवसभराची लघवी कळली तर इथेच लिहा, मी पाहीन.